आबांची सिक परेड

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सध्या एक फ्लेक्स लागला आहे. त्यावर हिंदुराव आबांचा फोटो. मिशा कल्ल्यांपर्यंत नेलेल्या, छातीवर पदकं, आणि खाली ठळक अक्षरांत 'गोरगरिबांचे धन्वंतरी सुभेदार हिंदुराव आबा यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. श्रद्धांजली वाहणाऱ्या तरुण पोरांचे फोटो आबांच्या फोटोपेक्षा मोठे आहेत, पण ते आष्ट्यात चालायचंच. माझं बांगड्यांचं दुकान नेमकं समोर. सकाळी शटर वर केलं की आधी धन्वंतरींचं दर्शन घ्यावं लागतं, मग गिऱ्हाईक.

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलंच बोलायचं, असा रिवाज आहे. तो ज्यांना पाळायचा होता त्यांनी फ्लेक्स लावला. मी आबांची भिंतीला भिंत लागून शेजारीण, त्यामुळे माझी थोडी अडचण होते. आबांना 'ते' म्हणते ते वयाचा मान म्हणून. मनात मी त्यांना काय म्हणते ते छापण्याजोगं नाही.

आता त्या फ्लेक्सवरचे शब्दच घ्या. आबा सुभेदार नव्हते. फौजेत ते हवालदार होते, आणि निवृत्त होताना मानाचा हुद्दा म्हणून 'ऑनररी नायब सुभेदार' मिळाला. त्यातले पहिले दोन शब्द दारावरच्या पाटीत मावले नाहीत म्हणे. पाटी चांगली दारापेक्षा रुंद आहे. आणि धन्वंतरी म्हणाल तर फौजेच्या दवाखान्यात ते नर्सिंग असिस्टंट होते. म्हणजे जखम धुणे, पट्टी बांधणे, इंजेक्शन देणे, डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्या गोळ्या मोजून देणे. हे काम ते चांगलं करत असणार, यात मला शंका नाही. ऊसतोडीला कुणाच्या पायावर कोयता बसला तर आबांनी बांधलेली पट्टी बघत राहावी अशी असायची. तेवढंच केलं असतं तर तो फ्लेक्स मी स्वतः लावला असता.

पण आबांना घरी आल्यावर डॉक्टरसाहेब व्हायचं होतं. ओसरीला ते 'एमआय रूम' म्हणत, म्हणजे फौजेतली आजारी जवान तपासायची खोली. तिथं एक टेबल, त्यावर स्टीलचा ट्रे, आणि हिरव्या रंगाची, वर लाल क्रॉस काढलेली पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत गोळ्या. काही जुन्या दोस्तांच्या उरलेल्या, काही सांगलीहून आणलेल्या, काहींवरची तारीख आबांच्या निवृत्तीआधीची. रोज सकाळी दूध घालून आले की आबा गळ्यातली शिट्टी वाजवत. ही सिक परेड. दुखणाईत माणसांनी ओसरीखाली ओळीत उभं राहायचं. आबा एकेकाला "बोल जवान" म्हणायचे. ऐंशी वर्षांच्या म्हातारीलाही.

निकाल तीनच. "लाइट ड्यूटी" म्हणजे हलकं काम. "अटेन सी" म्हणजे अंथरुणात पूर्ण आराम. आणि "मेडिसिन अँड ड्यूटी" म्हणजे गोळी घ्यायची आणि कामाला लागायचं. बायकांना त्यांनी अटेन सी दिल्याचं मला तरी आठवत नाही. बाई कितव्याही महिन्याची असो, पाय सुजलेले असोत, डोळ्यांपुढं अंधारी येत असो, आबा ट्रंक उघडायचे आणि म्हणायचे,

"बाळंतपन म्हंजे काय आजार हाय का? मेडिसिन अँड ड्यूटी! नेक्स्ट!"

आजार नाही तर मग गोळी कशाला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. एकदा माझ्या सासूनं तेवढं धाडस केलं. ती कधी रांगेत उभी राहायची नाही, आमच्या उंबऱ्यावर बसून परेड बघायची. एक दिवस तिथूनच म्हणाली,

"आबा, एक इचारू? तुमच्या पलटनीत जवान किती बाळंत झालं वं?"

सगळी रांग हसली. आबांनी शिट्टी वाजवून परेड तिथंच बरखास्त केली आणि सासूशी बोलणं टाकलं. पण तिनं विचारलं ते खरं होतं. सबंध नोकरीत आबांनी तपासली ती दणकट, लोखंड पचवणारी पुरुषमाणसं. गोळी ज्याला दिली त्याच्याच पोटात जाते, एवढंच त्यांना ठाऊक. बाईच्या पोटात आणखी कुणी बसलेलं असतं आणि गोळीचा वाटा त्यालाही पोचतो, हे त्यांच्या हिशेबात कधी आलंच नाही.

लोक तरी का जात होते, असं तुम्ही म्हणाल. एक तर आबा बोलत मोठ्यानं. दुसरं म्हणजे मधूनमधून ते बरोबरही असायचे, आणि तीच खरी पंचाईत. आमच्याकडे बायका मशेरी लावतात, तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू दातांना घासतात. गरोदरपणात तर जास्तच, मळमळ थांबते म्हणून. त्यावर आबा तुटून पडायचे. "मशेरीनं पोर वाळकं निपजतं, कमी वजनाचं!" असं गल्लीभर ओरडत फिरायचे, आणि ते अगदी खरं होतं. गावातल्या आरोग्यसेविका आशाताई तेच हळू आवाजात सांगून थकल्या होत्या. आबांच्या ओरडण्यानं दोघीतिघींनी खरंच मशेरी सोडली. मग त्या बायांना वाटलं, हा माणूस ह्यात बरोबर आहे तर सगळ्यातच बरोबर असणार.

त्याच आबांनी आशाताईंच्या लोहाच्या गोळ्या मात्र शेणखईत टाकायला लावल्या. त्या गोळ्यांनी पोर काळं होतं म्हणे. जन्मभर सरकारचं खाल्लेला माणूस सरकारी गोळीला नाक मुरडत होता.

दातांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. आबांकडं एक लाल-पिवळी कॅप्सूल होती. ताप, खोकला, लघवीची जळजळ, काहीही असो, गरोदर बाईला तीच. काही वर्षांनी आमच्या गल्लीतली बारकी पोरं हसली की दात पिवळे-तपकिरी दिसायला लागले, भिंतीवर चहा उडाल्यासारखे. अंगणवाडीत दात तपासायला एक डॉक्टरीणबाई आली. तिनं पोरांची तोंडं पाहिली आणि आयांना विचारलं, "पोटुशी असताना कुठल्या कॅप्सूल घेतल्या होत्या का?"  सगळ्यांच्या माना एकाच वेळी आबांच्या ओसरीकडं वळल्या.

आबांना हे कळल्यावर ते अंगणवाडीत गेले आणि सेविकेला फैलावर घेतलं. "पान्यात क्षार हाय! पान्याची टेस्टिंग करा!" म्हणाले. पुढं पोरांचे दुधाचे दात पडले आणि कॅप्सूल न लागलेले नवे पांढरेशुभ्र आले. त्यावर आबा काय म्हणाले असतील? "बघा. मी कंप्लेंट केली तवा पानी सुधारलं." मला त्या दिवशी इतका संताप आला की दुकानात एका गिऱ्हाइकाच्या हातात मी बांगडी फोडली.

ही सगळी हसण्यावारी नेण्यासारखी प्रकरणं. मनीषाचं तसं नाही.

मनीषा ही आबांची सून. माहेर वडूजचं, अंगानं काटक, बोलायला कमी. नवरा संदीप फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर येणारा. सासू आधीच वारलेली. घरात सून आणि सासरा, आणि उसाचा व्याप. तिला दिवस गेले तेव्हा रीतीप्रमाणं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. तिचे वडील न्यायलाही आले. आबांनी त्यांना चहा पाजून परत लावलं.

"वडूजात काय हाय ओ पावनं? प्यायला पानी न्हाई. हितं मेडिकल कव्हर हाय. मी हाय!"

पाहुणे मान खाली घालून गेले. मनीषा भिंतीआड उभी होती. तिला जायचं होतं, पण तिला कुणी विचारलंच नाही.

सातव्या महिन्यात तिची कंबर धरली. उठताबसता कळ यायची. आबांनी ट्रंकेतून दुखण्याची गोळी काढली. तीच ती, जी घेऊन त्यांची पलटण बर्फातून डोंगर चढली होती. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. गोळी घेतली की मनीषाला बरं वाटायचं, धारा काढायची, भाकरी थापायची. मेडिसिन अँड ड्यूटी. चोळी-बांगडीला मी तिला हिरवा चुडा भरला तेव्हा तिचे हात इतके भरले होते की नेहमीचं माप चढेना. मला वाटलं, सुखात आहे पोरगी; ती सूज होती.

पुढं सांगलीला सोनोग्राफीला नेलं तर डॉक्टरीण म्हणाली, बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय. काही औषधं चालू आहेत का? आबाच पुढं होऊन म्हणाले, "नो मॅडम, काय न्हाई." तेव्हा बहुतेक ते खोटं बोलत नव्हते. घरच्या ट्रंकेतलं औषध त्यांच्या लेखी औषध नव्हतं, रेशन होतं.

पाणी कमी म्हटल्यावर आबांनी काय केलं असेल? त्यांनी पाण्याची ड्यूटी लावली. दर तासाला शिट्टी वाजायची आणि मनीषानं तांब्याभर पाणी प्यायचं. भिंतीपलीकडून मला ती शिट्टी ऐकू यायची. पोट फुगून तिला ओकारी यायची, तरी पुढच्या शिट्टीला तांब्या हजर. आणि सकाळ-संध्याकाळच्या तांब्याबरोबर ती दुखण्याची गोळी. जिच्यामुळं पाणी आटत होतं, तीच गोळी पाण्याबरोबर घालत होता हा माणूस.

आष्ट्याच्या दवाखान्यात बाळंतपण झालं, ते अवघड गेलं नाही. मुलगा झाला, पण रडला तो नीट नाही, आणि रंग निळसर. तिथल्या डॉक्टरांनी लगेच सांगलीला बाळांच्या दवाखान्यात हलवायला सांगितलं. आमच्या यांनी गाडी काढली. मनीषालाही तिथंच वरच्या मजल्यावर दाखल केलं, आणि घरात दुसरी बाईमाणूस नाही म्हणून मी सोबत राहिले. बाळ काचेच्या पेटीत, नाकातोंडात नळ्या, छाती भात्यासारखी हलणारी. त्याच्या मुठीएवढ्या छातीकडं मला बघवेना.

बाळांची डॉक्टर वयानं लहान होती, पण बोलणं स्वच्छ. बाहेरच्या बाकापाशी येऊन तिनं आबांना समजावून सांगितलं. बाळ पोटात असताना फुप्फुसानं श्वास घेत नाही. म्हणून हृदयाजवळ एक बारीक आडवाट असते, ती रक्त फुप्फुसाला वळसा घालून नेते. जन्मल्यावर ती आपोआप बंद होते. पण आईनं शेवटच्या महिन्यांत काही दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर ती वाट पोटातच आवळते, आणि पाणीही कमी होतं.

"तसं झालं असेल तर मला आधी हृदय बघायचंय. नाही तर जंतूंमागं धावत बसेन आणि वेळ जाईल. आजोबा, नीट आठवून सांगा. तिला कुठल्या गोळ्या दिल्या होत्या का?"

आबा सावधानमध्ये उभे राहिले. हात मांडीला चिकटलेले, नजर समोरच्या भिंतीवर. आता त्यांना सगळं कळलं होतं. मी शेजारीच होते, त्यांच्या कानशिलाची शीर उडताना मला दिसत होती.

"नो सर," ते म्हणाले. "आमच्याकडनं काय न्हाई."

पेटीतल्या पोरापेक्षा ह्या माणसाला ट्रंकेची इज्जत मोठी वाटली. मला आजवर बऱ्याच लोकांचा राग आला आहे, पण किळस त्या एकदाच आली. बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आबा "चहा घिऊन येतो" म्हणून जिना उतरायलाही लागले. मी डॉक्टरांना म्हटलं, "बाई, वर चला. बाळाच्या आईला विचारा."

मनीषा उशीला टेकून बसली होती. डॉक्टरांनी प्रश्न विचारला. तिनं माझ्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं.

"आबा खाली गेलेत," मी म्हटलं.

"रोज घेत हुते," ती म्हणाली. "सकाळी एक, सांजंला एक. आबा देत हुते. माझं पोर..." आणि तिनं उशाखाली हात घातला. तिथल्या रुमालात तिनं गोळ्यांची एक रिकामी पट्टी बांधून ठेवली होती. ती पाहून डॉक्टर पळतच खाली गेली. तासाभरात हृदयाची तपासणी झाली. डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला आणि औषधं बदलली.

बाळ हळूहळू सुधारलं. आधी रंग आला, मग नळ्या निघाल्या, मग ते आईच्या अंगावर प्यायला लागलं. ह्या सगळ्यात मनीषानं मला एवढंच सांगितलं, "भाभी, म्या सांगितलंय हे आबास्नी कळू देऊ नगासा. मला त्याच घरात ऱ्हायाचं हाय."

आबांना कळलं नाही. गल्लीला मात्र कळलं. मीच सांगितलं, आणि त्याचं मला काही वाटत नाही. माझ्या दुकानात हात पुढं करून बसलेल्या प्रत्येक पोटुशी बाईला मी बांगड्या भरता भरता ती गोष्ट सांगितली. ओसरीखालची रांग रोडावली. आधी पोटुशा बायका बंद झाल्या, मग बाकीच्या. शेवटी शिट्टी वाजली तरी एक म्हातारा धनगर तेवढा यायचा, तोही बोलायला कुणी नाही म्हणून.

आबांना वाटायचं लोक शेफारले. "जरा कुठं दुखलं की पळत्यात सांगलीला. डिसिप्लिन न्हाई," असं म्हणायचे. आणि नातवाचं नाव निघालं की छाती पुढं काढून सांगायचे, "मरनाच्या दारातनं आनलाय. वाचला कशानं? बेस चांगला हुता. शेवटाला पानी पाजलं हुतं मी, तास्सातासाला!" ऐकणारे मान हलवायचे आणि आबांची पाठ वळली की एकमेकांकडं बघायचे. मनीषा आत भाकरी थापत असायची. थापण्याचा आवाज तेवढा जरा मोठा व्हायचा.

तीनेक वर्षांनी मनीषाला पुन्हा दिवस गेले. ह्या वेळी ती कुणाला न विचारता चौथ्या महिन्यापर्यंत वडूजला राहून आली, आणि तपासणी सांगलीलाच करायची हे तिनंच ठरवलं. मला घाऊक माल आणायचा होता, म्हणून मी गाडीत होते; तो भरून मग दवाखान्यात गेलो. आबा नेहमीसारखे पुढं, ड्रायव्हरशेजारी, साहेबाच्या जागेवर. ती जागा ते कधी कुणाला देत नसत.

सोनोग्राफीच्या खोलीत मनीषा आडवी झाली. मी आणि आबा अर्ध्या ओढलेल्या पडद्याअलीकडं स्टुलांवर. डॉक्टरीण तीच, मागच्या खेपेला पाणी कमी म्हणणारी. ती यंत्राच्या स्क्रीनकडं बघत होती. यंत्राची घरघर तेवढी येत होती. तपासणी लांबली, तसे आबा चुळबुळायला लागले. मिशीवरून हात फिरवला, शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. आणि एकदम उठून सावधानमध्ये उभे राहिले.

"मॅडम," त्यांचा आवाज चिरकला. "रिपोर्ट द्यायचा हाय. मागच्या टायमाला गोळ्या म्या दिल्या हुत्या. दुखन्याच्या. रोज दोन. म्या बोललो न्हाई तवा."

असं बोलायला ह्या माणसाला किती जड गेलं असेल, ते मला दिसलं. घाम आला होता. डॉक्टरीण काही तरी म्हणेल, रागावेल, निदान वळून बघेल, याची ते वाट बघत होते.

तिनं यंत्रावरून नजर काढली नाही. "ते माहीत आहे, आजोबा. मनीषानं तेव्हाच बाळाच्या डॉक्टरांना सांगितलं होतं, फाइलीत लिहिलंय; म्हणून तर बाळ वाचलं. आत्ता काही दिलंय का?"

"न्हाई."

"नक्की?"

"न्हाई मॅडम. शपथ."

 आबांचं उत्तर ऐकूनही तिनं मनीषाकडं वळून पाहिलं आणि तोच प्रश्न तिला विचारला. मनीषा छताकडं बघत होती. तिनं आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही.

"न्हाई मॅडम. आता त्यांच्या हातचं म्या काय घेत न्हाई."

"छान. पाणी भरपूर आहे, बाळ मस्त आहे," डॉक्टरीण म्हणाली, आणि मनीषाच्या हातात पोट पुसायला कागद दिला.

बाहेर आल्यावर आबांनी मनीषाला विचारलं नाही. ते मला म्हणाले, "भाभी, गल्लीत कुनाकुनाला ठाव हाय?"

"सगळ्यांना, आबा."

"कवापासनं?"

"पोर दवाखान्यात होतं तेव्हापासून."

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. तीन वर्षं ज्या गोष्टीवर हा माणूस ट्रंकेसारखं कुलूप लावून बसला होता, ती सगळ्या आष्ट्याला पाठ होती आणि तरी लोकांनी त्याला रोज सकाळी 'राम राम सुभेदार' म्हटलं होतं. तो राम राम कसा होता, ते आता त्यांना कळत असावं.

पुढं त्यांना मी ओसरीत बसलेलं पाहिलं असेल, आजारी पडलेलं पाहिलं. पण माझ्या लेखी शेवटचे आबा ते तिथलेच. गाडीपाशी आल्यावर सवयीनं त्यांनी पुढचं दार उघडलं, आणि उघडं धरून उभे राहिले. मग मनीषाला म्हणाले, "तू बस हितं. मागं हादरं लय बसत्यात."

मनीषा बसली. आबा मागं माझ्या बांगड्यांच्या खोक्यांशेजारी अंग चोरून बसले.